मोतीला घेऊन वॉल्डॉर्फला राहायला जावे का?

प्रश्न : येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला 25 वर्षे पूर्ण होतील. अमेरिकेत आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलच्या लॉबीतल्या मोठ्या घड्याळापाशी उभे राहून एक फोटो काढला होता. तेव्हा तिथे चहा घेण्याचीही ऐपत नव्हती. पुढे ऐपत आली, तोवर हॉटेल दुरुस्तीसाठी बंद झाले होते. आता ते पुन्हा उघडले आहे आणि एक रात्र तिथे राहावे असे दोघांच्याही मनात आहे. अडचण मोतीची आहे. मोती हा आमचा पुण्याहून आणलेला गावठी कुत्रा आहे. तो 11 वर्षांचा असून त्याचे वजन 19 किलो आहे आणि मागचे पाय अलीकडे थोडे अधू झाले आहेत. सासऱ्यांच्या पश्चात तो आमच्याकडे आला आणि तेव्हापासून एक रात्रही आम्हाला सोडून राहिलेला नाही. मला त्याला बरोबर न्यायचे आहे. यजमान म्हणतात की त्याला बोर्डिंगमध्ये ठेवू, म्हणजे रात्रीचे जेवण तरी निवांत होईल. एका मैत्रिणीने सुचवले की त्याला सर्व्हिस डॉगचे जाकीट घालून न्या, कोणी काही विचारणार नाही. हॉटेलशी अजून बोललेलो नाही. काय करावे? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून आधी मनात आले ते असे की, या पत्रात दोन वेगळ्या इच्छा एका रात्रीत बसवण्याचा प्रयत्न चालला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी जिथे बाहेरच्या पाहुण्यासारखे उभे राहिलात, तिथे दोघांनी मानाने बसून जेवावे ही एक इच्छा. आपल्या म्हाताऱ्या होत चाललेल्या मोतीला या आनंदाच्या वेळी मागे सोडू नये, ही दुसरी. दोन्ही इच्छा खऱ्या आहेत, तुमचे यजमानही चुकीचे बोलत नाहीत आणि तुम्हीही नाही. मात्र या दोन्ही एकाच रात्री पूर्ण करू गेलात, तर त्याची किंमत मोतीला मोजावी लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या कुत्रीला घेऊन एका जुन्या शहरातल्या, नुकत्याच डागडुजी होऊन उघडलेल्या हॉटेलात उतरलो होतो. ती घरी तासन्‌तास शांत राहत असे, म्हणून तिला खोलीत ठेवून आम्ही खाली जेवायला गेलो. जेमतेम पाऊण तास गेला असेल. त्या वेळात हॉटेलने आगीच्या भोंग्याची चाचणी घेतली आणि ती घेणार असल्याचे आम्हाला कोणी कळवले नव्हते. वर आलो तेव्हा दाराबाहेर सफाई करणाऱ्या दोन मुली जमिनीवर बसून बंद दाराच्या फटीतून तिच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. आत गेलो तर नव्याने पॉलिश केलेल्या सागवानी दारावर गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओरखडे उमटले होते आणि तिच्या पुढच्या पंजाची दोन नखे मुळापासून रक्ताळली होती. दाराची भरपाई आम्ही दिली, ती केव्हाच विसरले; पण त्यानंतर कितीतरी महिने घरातला दरवाजा नुसता लोटला तरी ती उठून उंबऱ्यात येऊन बसायची, ते मात्र अजून विसरता आलेले नाही.

कुत्रा घरी एकटा राहतो याचा अर्थ तो कुठेही एकटा राहील असा होत नाही. घरी त्याला ठाऊक असते की ही माणसे याच दारातून जातात आणि याच दारातून परत येतात. परक्या खोलीत हा विश्वास त्याच्याजवळ नसतो. त्यात मोती तर एकदा आपले माणूस कायमचे गेलेले पाहून तुमच्याकडे आलेला आहे. म्हणून माझी पहिली आणि न बदलणारी अट अशी की, हॉटेलच्या खोलीत तो एक मिनिटही एकटा राहता कामा नये, आणि हॉटेलने परवानगी दिली तरीही ती वापरू नये. न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंटच्या आतल्या भागात सर्व्हिस डॉग वगळता कुत्र्यांना नेता येत नाही, म्हणजे खाली दोघांनी एकत्र जेवणे आणि मोती बरोबर असणे हे एका वेळी जमणारे नाही. त्याला नेणार असाल तर जेवण खोलीत मागवावे लागेल आणि इमारत पाळीपाळीने पाहावी लागेल.

मैत्रिणीने सुचवलेली जाकिटाची युक्ती कृपा करून मनातून काढून टाका. अमेरिकेच्या कायद्यानुसार सर्व्हिस डॉग म्हणजे अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी विशिष्ट काम करायला शिकवलेला कुत्रा. केवळ सोबतीने मनाला आधार देणारा कुत्रा त्यात मोडत नाही. हॉटेलच्या माणसांना याबाबत दोनच प्रश्न विचारता येतात : हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवलेले आहे. कागदपत्रे मागता येत नाहीत. ही सवलत अशा विश्वासावर उभी आहे की समोरचा माणूस खरे बोलेल. घाबरून भुंकणारा, शिकवण नसलेला कुत्रा त्या जाकिटात दिसला की पुढच्या वेळी खरोखरच अंध असलेल्या माणसाकडे दारातच संशयाने पाहिले जाते. तुम्ही असे करणार नाही याची मला खात्री आहे, पण हा सल्ला हल्ली इतक्या सहजपणे दिला जातो की त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता त्या इमारतीकडे वळू, कारण मोतीच्या दृष्टीने ती कशी आहे हे तुम्ही आधी समजून घ्यायला हवे. पार्क अ‍ॅव्हेन्यूवरचे हे हॉटेल 1931 साली उघडले, तेव्हा ते जगातले सर्वांत उंच हॉटेल होते. 1 मार्च 2017 रोजी ते बंद झाले आणि आठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या कामानंतर जुलै 2025 मध्ये पाहुण्यांसाठी पुन्हा उघडले. पूर्वी चौदाशेच्या आसपास खोल्या होत्या, आता 375 आहेत, आणि इमारतीच्या बाकीच्या भागात विकत घेण्याची घरे आहेत. बाहेरचा भाग 1993 पासून आणि आतली मुख्य दालने 2017 पासून शहराच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत. पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने आत शिरले की पायाखाली लुई रिगाल यांनी घडवलेले ‘व्हील ऑफ लाइफ’ हे मोझेइक आहे. संगमरवराचे 1,48,000 लहान तुकडे बसवून ते केलेले आहे. ते डोळे भरून पाहावे असेच आहे. पण मागचे पाय अधू झालेल्या कुत्र्यासाठी गुळगुळीत संगमरवर म्हणजे ओले शेवाळच. घरच्या फरशीवरून उठताना मोतीचे मागचे पाय दोन बाजूंना सरकतात का, हे आजच पाहा. सरकत असतील तर तळव्यांच्या गाद्यांमधले केस कापून घ्या, नखे वेळेवर काढा आणि तळाला रबर असलेले मोजे आत्तापासून रोज दहा मिनिटे घालून सवय लावा. आयत्या वेळी घातलेले मोजे कुत्रा दातांनी ओढून काढतो. आत येण्याजाण्यासाठी कमी वर्दळीचे आणि गालिचा असलेले दार कोणते, तेही हॉटेलला विचारून ठेवा.

तुमच्या फोटोतले ते घड्याळ शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनमध्ये बनवले गेले होते. सुमारे दोन टन वजनाचे हे घड्याळ दुरुस्त होऊन आता पुन्हा लॉबीत, पीकॉक अ‍ॅली या बसून खाण्यापिण्याच्या दालनात आले आहे. शिवाय ही सगळी इमारत ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या रुळांवर उभी आहे, म्हणजे तुम्ही चहा घेत असता तेव्हा जमिनीखालून आगगाड्या जात असतात. तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही, पण कुत्र्याला तळव्यांतून बारीकसा कंपही जाणवतो, आणि माणसाच्या कानाला मुळीच ऐकू न येणारे उंच पट्टीचे आवाज त्याला स्वच्छ ऐकू येतात. कदाचित मोती याकडे लक्षही देणार नाही. पण तो एकाएकी कान टवकारून जमिनीकडे पाहू लागला, तर त्याला रागावू नका. त्याला खरोखरच काहीतरी जाणवलेले असते.

नव्याने उघडलेल्या जुन्या हॉटेलाचा एक स्वभाव असतो, त्याचा विचार फारसा कोणी करत नाही. भिंती शंभरीकडे झुकलेल्या असतात आणि आतले सगळे कोरे करकरीत असते : ताजा रंग, नवे गालिचे, नवे लाकूडकाम. कुत्र्याच्या नाकाला अशी खोली आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी उग्र लागते आणि तिथे ओळखीचा एकही वास नसतो. म्हणून जाण्याआधी आठवडाभर त्याचे अंथरूण धुऊ नका. जुन्या साडीची गोधडी असेल तर तीच न्या आणि खोलीत शिरल्याबरोबर, सामान उघडण्याच्याही आधी, दारापासून लांबच्या कोपऱ्यात ती पसरा. त्याचे पाण्याचे भांडेही घरचेच असू द्या. अशा ठिकाणी एखाद्या मजल्यावर किरकोळ काम चालू असते, भोंग्यांच्या आणि लिफ्टच्या चाचण्या होत असतात, आणि कर्मचाऱ्यांच्या हाताला सगळे नियम अजून बसलेले नसतात. फोनवर एक सांगतो, दारात दुसरा वेगळेच सांगतो, यात कोणाचा वाईट हेतू नसतो.

यासाठीच सगळे लेखी घ्या. हॉटेलला पत्र लिहिताना ‘कुत्रा चालेल का’ एवढेच विचारू नका, तर मोतीचे वय, वजन आणि जात लिहून ‘हा कुत्रा या तारखेला चालेल का’ असे विचारा. पुष्कळ हॉटेलांत वजनाची मर्यादा असते आणि 19 किलोचा कुत्रा तिच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे बुकिंगचे पैसे भरण्याआधी कळलेले बरे. शुल्क रात्रीमागे आहे की मुक्कामामागे, ते परत मिळणारे आहे की नाही, मुक्कामाच्या काळात भोंग्याची चाचणी किंवा त्या मजल्यावर काम ठरलेले आहे का, आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची पण लिफ्टच्या अगदी शेजारी नसलेली खोली मिळेल का, हेही विचारा. खालचा मजला मागण्याचे कारण साधे आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला रात्री दोन वाजता बाहेर जावेसे वाटले तर त्याच्याजवळ वेळ थोडा असतो. उत्तराचा कागद छापून रेबीज लसीच्या प्रमाणपत्राबरोबर पिशवीत ठेवा, आणि तुमच्या गावच्या नगरपालिकेचा बिल्ला त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला असू द्या.

एवढे करूनही गालिच्यावर शू झालीच, तर पांढऱ्या टॉवेलने नुसती टिपा, घासू नका, आणि लगेच हाउसकीपिंगला फोन करा. लपवलेला डाग गालिच्याच्या खालच्या थरापर्यंत मुरतो, सांगितलेला डाग बहुतेक वेळा निघतो.

आता तारखेविषयी. डिसेंबरात मोतीला तिथे नेऊ नका, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. हॉटेल 49व्या आणि 50व्या रस्त्यांच्या मध्ये आहे, आणि याच दोन रस्त्यांवर पश्चिमेकडे थोडे चालत गेले की रॉकफेलर सेंटरचे नाताळचे झाड लागते. त्या महिन्यात तिथे जी गर्दी उसळते ती तुम्ही पाहिलेली आहेच; गुडघ्याएवढ्या उंचीवरून ती कशी दिसत असेल, याचा विचार करा. बर्फासाठी टाकलेल्या मिठाने तळवे चिरतात, आणि ते चाटले तर पोट बिघडते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे ओल्या, मिठाच्या पाण्याने भरलेल्या फुटपाथवर जमिनीखालच्या खराब झालेल्या तारांतून वीज लोखंडी झाकणांत उतरू शकते. जानेवारी 2004 मध्ये ईस्ट व्हिलेज भागात आपल्या कुत्र्यांना फिरवणारी एक तरुणी अशाच धक्क्याने मरण पावली. त्यानंतर तपासण्या पुष्कळ वाढल्या, तरीही त्या शहरात कोणत्याही ऋतूत कुत्र्याला लोखंडी झाकणांवरून नेऊ नये, वळसा घालावा.

मला योग्य वाटते ते असे. लग्नाच्या वाढदिवशी, डिसेंबरात, तुम्ही दोघे दुपारी वॉल्डॉर्फला जा. घड्याळापाशी तोच फोटो पुन्हा काढा, पीकॉक अ‍ॅलीत निवांत बसा, यजमानांच्या मनासारखे जेवा आणि रात्री घरी या. मोतीला बोर्डिंगमध्ये ठेवू नका. जो कधी एक रात्रही वेगळा राहिलेला नाही, त्याने वयाच्या अकराव्या वर्षी ते शिकावे अशी अपेक्षा बरी नव्हे. ओळखीच्या एखाद्या कुटुंबाला त्या दिवसापुरते तुमच्या घरी येऊन बसायला सांगा. मुक्काम मात्र एप्रिलमध्ये करा, आणि तो मोतीला घेऊन. तेव्हा रस्त्यावर मीठ नसते, उन्हाने फुटपाथ तापलेला नसतो आणि पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या मधल्या पट्ट्यात ट्युलिप फुललेले असतात. चार महिने थांबण्याइतकी त्याची तब्येत आहे ना, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. त्यांनी शंका व्यक्त केली, तर माझा सगळा आग्रह बाजूला ठेवून नोव्हेंबरच्या सुरुवातीला, झाडाची गर्दी सुरू होण्याआधीच जाऊन या.

मधल्या काळात एक रंगीत तालीम करा. घराजवळच्या, कुत्र्यांना घेणाऱ्या एखाद्या साध्या मोटेलमध्ये शनिवारची एक रात्र काढा. दारावर कोणी टकटक केले की तो किती वेळ भुंकतो, लिफ्टमध्ये शिरताना पाय मागे घेतो का, रात्री किती वेळा उठतो, हे सगळे तिथे कमी खर्चात कळेल. लिफ्टची भीती असेल तर एखाद्या मॉलमध्ये नेऊ नका. ओळखीच्यांच्या इमारतीत दुपारच्या सामसूम वेळी नुसते आत-बाहेर करा, लिफ्ट चालवूही नका, आणि प्रत्येक वेळी त्याच्या आवडीचा खाऊ द्या. तालमीच्या रात्री तो झोपलाच नाही, सतत धापा टाकत दाराशी उभा राहिला, तर मुक्कामाचा बेत सोडून द्या. अशा वेळी वॉल्डॉर्फची खोली कितीही सुंदर असली तरी तिचा त्याला काही उपयोग नाही.

जाताना मोटारीनेच जा. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीत पिंजऱ्यात मावणारे छोटे प्राणीच नेता येतात. 60व्या रस्त्याच्या दक्षिणेला मोटार नेण्यासाठी जानेवारी 2025 पासून गर्दीच्या वेळी 9 डॉलरचे शुल्क लागते, तेवढे खर्चात धरा. दुपारी पोहोचा, म्हणजे उजेडातच त्याला एक लांब फेरी मारता येईल. सेंट्रल पार्क उत्तरेला साधारण दहा रस्ते दूर आहे. तिथे सकाळी 9 च्या आधी आणि रात्री 9 नंतर काही भागांत कुत्र्यांना मोकळे सोडता येते, पण परक्या ठिकाणी मोतीची साखळी सोडण्याचे धाडस करू नका. शहरात ही साखळी 6 फुटांहून लांब असू नये असा नियमही आहे. पार्कच्या दक्षिण टोकाला घोडागाड्या उभ्या असतात, त्यामुळे टांग्याच्या घोड्यावर भुंकण्याची त्याला सवय असेल तर तिकडे जाऊच नका. त्यापेक्षा 49व्या रस्त्याने सरळ पूर्वेकडे, नदीच्या दिशेने चालत जा. टोकाशी पीटर डेटमोल्ड पार्क म्हणून छोटी बाग आहे आणि तिच्यात कुत्र्यांसाठी वेगळी कुंपण घातलेली जागा आहे. 51व्या रस्त्याकडून पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून त्याच्या पायांसाठी 49व्याची बाजू बरी. जाताना झाडांच्या बुंध्यांभोवतीच्या चौकोनांत त्याला पाय वर करू देऊ नका. लघवीने शहरातली झाडे जळतात. शी उचलण्याचा कायदा तर न्यूयॉर्कमध्ये 1978 पासून आहे.

खोलीत जेवण मागवाल तेव्हा मोतीला त्यातले काही देऊ नका, तो कितीही डोळ्यांत पाहत राहिला तरी. मोठ्या हॉटेलांच्या जेवणात कांदा, लसूण आणि लोणी सढळ हाताने असते, फळांच्या टोपलीत द्राक्षे असतात, उशीपाशी चॉकलेट ठेवलेले असते. कांदा, लसूण, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखी बाधतात. मनुकाही त्यातच आल्या, तेव्हा वाढदिवसाचा शिरा करून न्याल तर तो त्याच्या तोंडापासून दूर ठेवा. घरून बिनमिठाचा दहीभात डब्यात न्या. नेहमीचे ओळखीचे अन्न पोटात गेले की परक्या जागीही कुत्रा लवकर स्थिरावतो, असा माझा अनुभव आहे. त्याने काही खाल्लेच, किंवा रात्री श्वास घेताना त्रास होताना दिसला, तर पूर्व 62व्या रस्त्यावर नदीच्या बाजूला श्वार्झमन अ‍ॅनिमल मेडिकल सेंटर आहे. 1910 साली स्थापन झालेले हे प्राण्यांचे रुग्णालय रात्रंदिवस उघडे असते आणि हॉटेलपासून मोटारीने फार दूर नाही. त्याचा फोन नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये आधीच भरून ठेवा.

आणि एक. घड्याळापाशी मोतीलाही घेऊन फोटो काढावा असे तुम्हाला वाटेल, ते स्वाभाविक आहे. आधी तिथल्या माणसांना विचारा, आणि सकाळी लवकर, लॉबी शांत असताना जा. फोटो यजमानांना काढू द्या, तुम्ही त्याच्या शेजारी खाली बसा आणि एक हात त्याच्या छातीवर ठेवा, म्हणजे घड्याळाचे टोले पडले तरी तो दचकून ओढ घेणार नाही.